रविवर्म्यांच्या छापील चित्रातून कोलाज

आधी हक्क तपासा. भारतात चित्रावरचा स्वामित्वहक्क कलाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. राजा रविवर्मा 1906 साली गेले, त्यामुळे लोणावळ्याजवळच्या मळवलीच्या छापखान्यातली त्यांची लक्ष्मी-सरस्वती मोकळेपणाने वापरता येते. मात्र त्याच धाटणीचं प्रत्येक जुनं कॅलेंडर असंच मोकळं आहे, असं धरू नका. चित्रकार कोण, हे शोधाच.

मूळ छापील प्रत कधीही कापू नका. तो कागद पुन्हा मिळणार नाही. 600 डीपीआयला (म्हणजे इंचाला 600 ठिपके) स्कॅन करा. मग दुप्पट आकारात छापलं तरी 300 डीपीआय उरतात. छपाई लेझर किंवा पिगमेंट शाईचीच घ्या. साध्या इंकजेटची डाय शाई गोंदाच्या ओलाव्याने पसरते आणि देवीचा चेहरा डागाळतो.

कात्रीपेक्षा नवं पातं लावलेला कटर बरा. तीन भाग फेव्हिकॉल, एक भाग पाणी. तुकड्याच्या पाठीला पातळ थर लावून मिनिटभर थांबा. कागद ओला झाला की पसरतो. तो आधीच पसरू दिला नाही, तर पुठ्ठ्यावर चिकटल्यावर सुरकुत्या येतात. मधून कडेकडे दाबत जा, वर बटर पेपर ठेवून जाड पुस्तकांखाली 24 तास ठेवा. पुठ्ठा वाकत असेल तर मागच्या बाजूलाही तेवढाच कागद चिकटवा, म्हणजे ताण सारखा होतो.

जरीचे धागे, टिकल्या शेवटी लावा. अशा छापील चित्रांना घरोघरी जरीची वस्त्रं चढवत, तेव्हा ही भर परंपरेतलीच आहे.