आईला हिंगाचा वास ओळखता येतो का? घरच्या घरी कसं तपासावं

फोडणी करपून घरभर धूर झाला तरी आई शांतपणे भाजी निवडत बसलेली. "आई, वास येतो ना गं?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "न यायला काय झालं?" वास हळूहळू कमी होत गेला की ज्याचा तो जातो त्यालाच कळत नाही. म्हणून विचारत बसू नका, तपासा.

दवाखान्यात यासाठी तयार चाचण्या असतात. सगळ्यात प्रसिद्ध चाचणी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डोटी यांनी १९८४ मध्ये मांडली. कागदावरचा पट्टा खरवडायचा, हुंगायचा आणि चारपैकी एक उत्तर निवडायचं, असे ४० प्रश्न. नुसत्या अंदाजानेही १० बरोबर येतात. त्यामुळे कुणाचे दोन-तीनच आले, तर तो मुद्दाम चुकतोय का, अशी शंका डॉक्टरांना येते! पण त्यात रूट बिअर आणि जिंजरब्रेड असे तिकडचे खाण्या-पिण्याचे वासही आहेत. ते आपल्या आजीने ओळखावेत कसे?

म्हणून सामान स्वयंपाकघरातलंच घ्या. झाकणाच्या आठ छोट्या डब्यांत हिंग, वेलदोडा, कॉफी, लिंबाची साल, लसूण, जिरं, मोगरा आणि खोबरेल तेल ठेवा, वर पातळ फडकं बांधा. कापूर आणि बाम नकोत. त्यांचा गारवा, झोंबरेपणा वेगळ्या मज्जातंतूवाटे कळतो. वास गेलेला माणूसही "आला, आला" म्हणतो आणि आपण फसतो.

सर्दी असेल त्या दिवशी तपासू नका. आधी अर्धा तास चहा-खाणं नको, उदबत्ती नको. डोळे मिटायला सांगा, डबी नाकाशी धरा, दोनदा हुंगू द्या. मग चार नावं वाचा: "लसूण, मोगरा, कॉफी, की लिंबू?" हे पर्याय गाळू नका. वास ओळखीचा असतो, नाव मात्र आठवत नाही, हे धडधाकट माणसाचंही होतं. खात्री नसली तरी एक नाव घ्यायलाच लावा. दोन डब्यांमध्ये अर्धं मिनिट थांबा. आणि बरोबर-चूक लगेच सांगू नका. आई तुमच्या चेहऱ्यावरून ओळखते, वासावरून नाही.

आठपैकी दोन नुसत्या अंदाजानेही जमतात. घरात त्याच वयाचं आणखी कुणी असेल तर त्यांचीही परीक्षा घ्या, कारण वयानुसार वास सगळ्यांचाच कमी होतो. आईचे आकडे फारच मागे पडले, तर दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. तरी तसंच असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. सायनस, नाकातले कोंब, जुना कोविड, डोक्याला लागलेला मार ही कारणं आधी तपासायची असतात.

मेंदूचे डॉक्टर वासाला महत्त्व देतात, ते पार्किन्सनमध्ये हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी वास जाऊ शकतो म्हणून. अल्झायमर या विसरण्याच्या आजारातही वास ओळखणं लवकर बिघडतं, नैराश्यात मात्र बहुधा शाबूत राहतं. वय झालेला माणूस विसराळू आणि गप्प झाला की नेमकं काय बिघडलंय हे ठरवताना याचा थोडा उपयोग होतो. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारातही अनेकांना वास ओळखणं जड जातं. पण नुसत्या डब्यांवरून यातलं काहीच ठरत नाही. जुनी बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं, अक्षर बारीक होणं, अशा पार्किन्सनकडे बोट दाखवणाऱ्या खुणा असतील तर डॉक्टरांना आपणहून सांगा.

तोवर सिलिंडरची नळी आणि रेग्युलेटर दुसऱ्या कुणीतरी बघत जा, आणि दूध नासलंय का हे आईला विचारू नका.