प्रवाळातून समुद्राचं जुनं तापमान काढायचंय? आधी एवढी तयारी करा

लक्षद्वीपच्या प्रवाळांवर काम करणार असाल, तर सुरुवात कागदपत्रांपासून. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. लेखी परवानगी हातात पडेपर्यंत मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलायचा नाही. बेटांवर जाण्याचा प्रवेश परवाना वेगळा काढावा लागतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा ते महिने अर्जांत घालवा आणि दिवाळीनंतर कोचीहून जहाज धरा.

प्रवाळ निवडताना पोराइट्स या दगडी प्रवाळाचा जिवंत, घुमटाकार दगड शोधा. तो वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे ड्रिलने काढलेल्या मीटरभर लांब दंडगोल तुकड्यात, म्हणजे कोअरमध्ये, शंभरेक वर्षं हाती लागतात. भोक बुजवायचं सिमेंटचं बूच सोबत असल्याशिवाय पाण्यात उतरू नका. भोक उघडं राहिलं तर पोखरणारे जीव आत शिरतात. बुजवलं तर पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे इवले जीव, हळूहळू त्यावरून पसरत येतात. ज्या जीवाकडून शतकाची नोंद घेतली, त्याचं एवढं देणं त्याच दिवशी फेडायचं.

कोअर गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, वरचं टोक बाणाने दाखवा. मग सुमारे ७ मिलिमीटर जाडीची पट्टी कापून तिचा एक्स-रे काढा. एक दाट आणि एक विरळ पट्टा मिळून एक वर्ष. १९९८ सारख्या तापलेल्या वर्षी वाढ खुंटली होती का, तेही इथेच बघून ठेवा.

आता ड्रिलने भुकटी काढायची रेघ पट्टीवर आखायची. माझ्या मते सगळ्या कामाचं बरंवाईट इथेच ठरतं, म्हणून याला निवांत वेळ द्या. पोराइट्सचा एकेक कप, म्हणजे एका पॉलिपचं सांगाड्यातलं घर, जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर रुंद. पट्टी भिंगाखाली धरा. कप उभे चिरलेले, लांबच लांब नळ्यांसारखे दिसतात तिथूनच रेघ न्या. ते तिरपे कापले जाऊन गोल भोकं दिसत असतील, तर तो भाग सोडून द्या, मग कोअर कितीही देखणा असो. चुकीच्या रेघेने उत्तर अंशाहून जास्त घसरू शकतं. कारण आपण मोजतो तो फरकच इवलासा आहे. सांगाडा बांधताना प्रवाळ कॅल्शियमबरोबर थोडं स्ट्रॉन्शियमही घेतं, गार पाण्यात जास्त, कोमट पाण्यात कमी. हे गुणोत्तर ९ मिलिमोल प्रति मोलच्या आसपास असतं आणि एका अंशाने तापमान वाढलं की सुमारे ०.०६ ने उतरतं.

म्हणून भुकटी काढण्याआधी सांगाडा मूळचाच आहे ना, हे तपासा. तो अ‍ॅरॅगोनाइट या खनिजाचा असतो. त्यात कॅल्साइट हे दुसरं खनिज नंतर एक टक्का मिसळलं तरी समुद्र अंशभर जास्त गरम भासतो. ते एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये, म्हणजे क्ष-किरणांनी खनिज ओळखायच्या चाचणीत, पकडता येतं. पण पोकळ्यांत नंतर उगवलेल्या अ‍ॅरॅगोनाइटच्या सुया त्यात ओळखू येत नाहीत आणि त्या समुद्र उगाच गार दाखवतात. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच हवा. ड्रिल मंद चालवा, साधारण दर मिलिमीटरला एक नमुना घ्या, आणि सगळ्यात वरचा, जिवंत ऊतींचा थर हिशोबात धरू नका.

गुणोत्तर मोजायच्या यंत्रावर बसताना जेसीपी-१ हा जपानी प्रमाण नमुना जवळ ठेवा. तो इशिगाकीच्या पोराइट्सचाच आहे, त्याच्या स्ट्रॉन्शियम-कॅल्शियम गुणोत्तराचा सर्वमान्य आकडा ८.८३८. दर काही नमुन्यांनंतर तो मोजा, म्हणजे यंत्र सरकलं तर लगेच कळेल.

थोडी भुकटी ऑक्सिजनच्या समस्थानिकांच्या, म्हणजे त्याच्या हलक्या-जड प्रकारांच्या, मोजणीसाठी राखून ठेवा. हिवाळ्यात बंगालच्या उपसागराचं कमी खारं पाणी लक्षद्वीपपर्यंत येतं आणि ऑक्सिजनच्या आकड्यात खारेपणा व तापमान एकत्र मिसळतात. स्ट्रॉन्शियमने तापमान वेगळं काढलं की खारेपणाचा अंदाज उरतो.

शेवटी गुणोत्तराची उपग्रहाच्या तापमान-नोंदींशी जुळवणी करून समीकरण बांधा. एप्रिल-मेची उष्णता हा इथला भरवशाचा खुंटा. काही वर्षं मात्र समीकरणात न घालता बाजूला ठेवा. तुमचं समीकरण त्या वर्षांचं तापमान बरोबर सांगतंय असं दिसलं, तरच उपग्रहाआधीच्या काळाकडे वळा.