घरातील कामाच्या खोलीचा खर्च आयकरात कसा दाखवावा

पगारदार वाचकांनी येथेच थांबले तरी चालेल. आठवड्याचे पाचही दिवस घरून काम केले, तरी पगाराच्या उत्पन्नातून घराचे भाडे किंवा वीजबिल खर्च म्हणून वजा करता येत नाही. नव्या करप्रणालीतील ७५,००० रुपयांची किंवा जुन्या प्रणालीतील ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, आणि घरभाडे भत्त्याचा विषय निराळा आहे. पुढील विवेचन ज्यांचे उत्पन्न ‘व्यवसाय किंवा पेशा’ या शीर्षाखाली येते आणि जे राहत्या घरातूनच काम करतात, त्यांच्यासाठी आहे. येथे दिलेली कलमे आयकर अधिनियम, १९६१ मधील असून आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नास ती लागू आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी आयकर अधिनियम, २०२५ लागू होतो व त्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत.

खोली मोजण्यापूर्वी हा खर्च मागण्याची आपल्याला गरज आहे का, हे पाहावे. वकील, डॉक्टर, वास्तुविशारद, अभियंता, सनदी लेखापाल, अंतर्गत सजावटकार अशा विहित पेशांतील व्यक्तीची वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत (रोखीची जमा ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास ७५ लाखांपर्यंत) असेल, तर कलम ४४एडीए अन्वये जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवून मोकळे होता येते. उरलेल्या निम्म्यात भाडे, वीज, घसारा (वापराने कमी होणाऱ्या मालमत्तेच्या किमतीची वजावट) असे सगळे खर्च आधीच धरलेले असतात, त्यामुळे घराचा खर्च पुन्हा वेगळा मागता येत नाही. याउलट उत्पन्न निम्म्याहून कमी दाखवायचे ठरवले आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे गेले, तर हिशेबाची पुस्तके ठेवून त्यांचे लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. वर्षाचे लाखभर रुपये वजा करून घेण्यासाठी हा व्याप ओढवून घ्यावा, असे मला क्वचितच वाटते. घरगुती डबे पुरवणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्या छोट्या व्यावसायिकांसाठी असेच ठरावीक टक्क्यांनी उत्पन्न दाखवण्याचे कलम ४४एडी आहे आणि तेथेही खर्च वेगळा मागता येत नाही.

मग ही वजावट खरोखर कोणाच्या उपयोगाची? मुंबईत असे लोक पुष्कळ आहेत. विमा एजंट, म्युच्युअल फंड वितरक, घरांचे दलाल आणि एकूणच कमिशन किंवा दलालीवर उपजीविका असणारे कलम ४४एडी मधून स्पष्टपणे वगळलेले आहेत, म्हणून त्यांना प्रत्यक्ष जमा-खर्च मांडूनच उत्पन्न दाखवावे लागते. ज्यांची जमा वरील मर्यादा ओलांडते किंवा ज्यांचा खर्च खरोखरच मोठा आहे, त्यांनाही हाच मार्ग उरतो. नवी करप्रणाली स्वीकारल्याने हा हक्क जात नाही, कारण हा व्यवसायाचा खर्च आहे, ८०सी सारखी गुंतवणुकीवरील सवलत नव्हे.

कलम ३८ असे सांगते की राहत्या घराचा काही भाग व्यवसायासाठी वापरला असेल, तर भाडे, दुरुस्ती इत्यादी खर्चाचा त्या भागाच्या प्रमाणात येणारा हिस्साच मान्य होईल. प्रमाण काढण्याचा सर्वांत सोपा आणि पटवून देता येण्याजोगा आधार म्हणजे कार्पेट क्षेत्रफळ. समजा, मुलुंडमध्ये ४५० चौरस फुटांचे घर लिव्ह अँड लायसन्स करारावर घेऊन एक विमा एजंट तेथील १० फूट बाय ९ फुटांची खोली केवळ कामासाठी वापरतो. ४५० पैकी ९० म्हणजे २० टक्के. भाडे दरमहा ३२,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ३,८४,००० रुपये असेल, तर त्यातील ७६,८०० रुपये व्यवसायाच्या खात्यात खर्ची टाकता येतील.

मात्र आपल्याकडे खोली ‘केवळ कामासाठी’ असणे ही चैनच आहे. दिवसा ग्राहकांच्या फायली आणि रात्री मुलांच्या गाद्या, ही बहुतेक घरांची स्थिती असते. अशा वेळी क्षेत्रफळाच्या प्रमाणाला वापराच्या वेळेचीही कात्री लावावी. वरील खोली निम्मा वेळच कामासाठी असेल तर २० ऐवजी १० टक्के, म्हणजे ३८,४०० रुपये धरावेत. कायद्याने असे सूत्र दिलेले नाही. करनिर्धारण अधिकाऱ्याला वाजवी वाटेल असे प्रमाण अपेक्षित आहे, आणि आपणहून कमी केलेला आकडा नंतर सहज टिकतो. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून काम करणाऱ्याने भाड्याचा नाद सोडून इंटरनेट, फोन आणि उपकरणे एवढ्यावरच समाधान मानावे, हे बरे.

जुनी करप्रणाली निवडलेल्या आणि घरभाडे भत्ता न मिळणाऱ्या भाडेकरूला कलम ८०जीजी अन्वये दरमहा कमाल ५,००० रुपयांपर्यंतची वजावट अटींच्या अधीन राहून मिळू शकते. ती उरलेल्या, म्हणजे राहण्यासाठीच्या भाड्यावरच मोजावी. एकाच रुपयाची दोनदा वजावट मागितलेली दिसली, तर विवरणपत्रातील बाकीच्या आकड्यांवरही संशय येतो.

भाडे भरताना काही बाबी सांभाळाव्या लागतात. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने दिली, तर तो खर्च अमान्य होतो. म्हणून भाडे बँकेतूनच द्यावे. मासिक भाडे ५०,००० रुपयांहून अधिक असल्यास लेखापरीक्षण लागू नसलेल्या व्यक्तीलाही २ टक्के उद्गम करकपात (टीडीएस) करून ती भरावी लागते, आणि ही मर्यादा संपूर्ण भाड्यावर मोजली जाते, कामाच्या खोलीच्या हिश्श्यावर नव्हे. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी तर अधिकच जपावे. नोंदणीकृत व्यक्तीने राहते घर भाड्याने घेतले तर १८ जुलै २०२२ पासून भाड्यावरील १८ टक्के कर भाडेकरूनेच भरायचा आहे. एकल मालकाने वैयक्तिक नात्याने, स्वतःच्या राहण्यासाठी आणि व्यवसायाच्या खात्यावर न घेता घर घेतले असल्यास १ जानेवारी २०२३ पासून त्यातून सूट आहे. भाड्याचा हिस्सा व्यवसायाच्या पुस्तकात गेला की ही सूट अडचणीत येऊ शकते. म्हणून नोंदणीकृतांनी आधी सनदी लेखापालाशी बोलून घ्यावे.

घर स्वतःच्या मालकीचे असल्यास स्वतःलाच काल्पनिक भाडे देता येत नाही. चालू दुरुस्ती, विमा, मालमत्ता कर आणि सोसायटीच्या देखभाल शुल्काचा प्रमाणशीर हिस्सा मात्र मागता येतो. गणपतीच्या आधी सगळे घर रंगवून घेतले, तर त्यातील कामाच्या खोलीपुरताच खर्च धरावा. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता करातून सूट असल्याने तेथे या सदरात मागण्यासारखे काही उरत नाही. गृहकर्जाच्या व्याजाचा कामाच्या भागाचा हिस्सा व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवला, तर तेवढी रक्कम कलम २४ खालील गृहकर्ज व्याजाच्या वजावटीतून वगळावी.

घराच्या त्या भागावर निवासी इमारतीच्या ५ टक्के दराने घसाराही मिळू शकतो, परंतु मी सहसा तो न घेण्याचा सल्ला देतो. घसारा घेतलेला भाग व्यवसायाची मालमत्ता ठरतो आणि पुढे घर विकल्यावर त्या भागावरील नफा, घर कितीही वर्षे आपल्याकडे असले तरी, अल्पमुदतीचा भांडवली नफा मानला जातो. मुंबईतील घरांच्या किमती पाहता आजची थोडकी बचत उद्या महागात पडते.

उपकरणांबाबत तशी भीती नाही. संगणकावर ४० टक्के, फर्निचरवर १० टक्के आणि वातानुकूलन यंत्रावर १५ टक्के घसारा मिळतो. वस्तू वर्षात १८० दिवसांहून कमी वापरली असेल तर दर निम्मा होतो. वरील एजंटाने नोव्हेंबरमध्ये ८०,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला आणि त्याचा तीन चतुर्थांश वापर कामासाठी केला, तर २० टक्क्यांप्रमाणे येणाऱ्या १६,००० पैकी १२,००० रुपये मिळतील. वर्षाच्या ३६,००० रुपयांच्या वीजबिलातील २० टक्के म्हणजे ७,२०० आणि १२,००० रुपयांच्या इंटरनेट बिलातील ७० टक्के म्हणजे ८,४०० रुपये धरले, तर पूर्ण वेळ कामाची खोली असताना त्याचा घराशी निगडित खर्च भाड्यासह १,०४,४०० रुपये होतो. दरवर्षीचा २,५०० रुपयांचा व्यवसाय करही त्याने विसरू नये. तो पूर्णच मान्य होतो.

घर आईच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर त्यांच्याशी रीतसर करार करून बाजारभावाने भाडे देता येते. ते भाडे त्यांच्या विवरणपत्रात दिसले पाहिजे. तेथे त्यांना ३० टक्क्यांची प्रमाणित वजावट मिळते. नात्यातील व्यक्तीला अवाजवी भाडे दिल्याचे आढळल्यास जादा रक्कम अमान्य होऊ शकते.

कागदपत्रे वर्षाच्या सुरुवातीलाच लावून ठेवावीत. घराचा मोजमापांसह हाताने काढलेला नकाशा, त्यावर तारीख व सही, कामाच्या खोलीची दोन-तीन छायाचित्रे, नोंदणीकृत करार, सोसायटीची बिले, वीजबिले आणि बँकेचे उतारे एवढे पुरे. गुमास्ता (दुकाने व आस्थापना नोंदणी) किंवा जीएसटीच्या कागदावर घराचाच पत्ता असेल तर तोही आधार होतो. आयकरात खर्च मान्य झाला म्हणजे सोसायटीची किंवा घरमालकाची परवानगी मिळाली असे होत नाही. करारात ‘केवळ निवासासाठी’ असे कलम असेल तर घरमालकाशी आधीच बोलावे.

प्रत्यक्ष खर्च दाखवणाऱ्यांनी आयटीआर-३ हे विवरणपत्र भरावे. आयटीआर-४ अनुमानित, म्हणजे कलम ४४एडी किंवा ४४एडीए प्रमाणे दाखवलेल्या उत्पन्नासाठी आहे. एकदा ठरवलेले प्रमाण कारणाशिवाय दरवर्षी बदलू नये. वर्षाच्या मध्ये घर बदलले किंवा खोली मुलाच्या अभ्यासाला दिली, तर त्या महिन्यापासून नवा नकाशा काढून दोन्ही काळांचा हिशेब वेगळा मांडावा आणि जुना नकाशाही त्याच फाइलमध्ये ठेवावा.