यादी आता मोबाईलवर येते: सांगलीतल्या किराणा दुकानदारासाठी

पगार झाला की महिन्याची यादी घेऊन येणारं घर आता महिन्यातून आठ-दहा वेळा थोडं थोडं घेतं. साबण-शॅम्पू ॲपवरून, तेल-साखर मोठ्या बाजारातून, आणि संध्याकाळी रवा कमी पडला की तुमच्याकडून. तुमच्याकडे उरलेली ही खरेदी वाढवता येते, पण आधी ती मोजायला हवी.

पंधरा दिवस गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि तिच्यात तीन रकाने आखा: गिऱ्हाइकाने मागितलं पण आपल्याकडे नव्हतं, नेहमीच्या घराने घेणं बंद केलं ते, आणि कोणत्या तासाला गर्दी होते. नोंद त्याच क्षणी करा, रात्री आठवून लिहिलेली वही चुकते. नवीन माल भरायचा निर्णय या वहीवरून घ्या, कंपनीच्या सेल्समनच्या स्कीमवरून घेऊ नका.

मग व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करा. ॲप फुकट आहे, पण दुकानासाठी वेगळा नंबर घ्या. कॅटलॉगमध्ये सगळं दुकान चढवायचा मोह होतो, तो आवरा. पन्नासेक वस्तू पुरतात: रोज खपणाऱ्या आणि ज्यांचा भाव तुम्ही दर सोमवारी नक्की बदलाल अशा. हजार वस्तू चढवल्या की महिन्याभरात निम्मे भाव जुने होतात आणि दारात वाद होतो. एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पाठवणाऱ्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून नंबर बिलावर छापा आणि बिल देतानाच सेव्ह करायला सांगा.

ऑर्डर घेताना सगळ्यात जास्त घोळ मापाचा होतो. ‘तेल १’ म्हणजे लिटरची पिशवी की पंधरा किलोचा डबा? ‘पोहे १’ म्हणजे जाड की पातळ? माल भरायच्या आधी वस्तू, वजन, ब्रँड आणि एकूण रक्कम लिहून परत पाठवा, ‘हो’ आलं की मगच पिशवी बांधा. मागितलेला ब्रँड नसेल तर न विचारता दुसरा घालू नका. तो परत येतो आणि एक फेरी वाया जाते.

घरपोच सेवेत पैसे कुठे जातात ते बघा. समजा ५०० रुपयांच्या ऑर्डरवर १० टक्के, म्हणजे ५० रुपये सुटतात. पोराला ताशी ५० रुपये पडतात. गावभागातून विश्रामबागला एकच पिशवी नेऊन परत यायला ४० मिनिटं लागली तर ३३ रुपये मजुरी, १५ रुपये पेट्रोल. हातात राहतात २ रुपये. त्याच बाजूच्या सहा पिशव्या दीड तासात एका फेरीत दिल्या तर मजुरी ७५ आणि पेट्रोल २५, म्हणजे पिशवीमागे साधारण १७ रुपये. आता ३३ सुटतात. म्हणून दुपारी १२ आणि संध्याकाळी ७ अशा दोनच फेऱ्या ठेवा, ऑर्डर तासभर आधी बंद करा. ५०० च्या खालच्या ऑर्डरला २० रुपये लावा आणि ते आधीच सांगा. दहा मिनिटांत पोचवण्याच्या शर्यतीत उतरू नका. ते गणित किराण्याच्या नफ्यात बसत नाही.

फावल्या वेळात डाळी-कडधान्यं भरून ठेवायची असतील तर एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. गिऱ्हाइकासमोर तोलून दिलेला माल वेगळा आणि आधीच पुडा बांधून ठेवलेला माल वेगळा. बांधलेल्या पुड्यावर बांधणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, करासह कमाल किंमत, ग्रॅम किंवा किलोमागचा दर आणि तक्रारीसाठी फोन नंबर लागतो. खाद्यपदार्थ असल्याने एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी नंबर आणि हिरवी शाकाहारी खूणही. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत वैधमापन (वजन-मापांच्या) खात्याकडे नोंदणीचा अर्ज करावा लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्या.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरगावचे नातेवाईक ती मागवतात, तेव्हा तिला दर्शनी जागा द्या, पण पारदर्शक पिशवीत उन्हाकडे तोंड करून नको. उजेडाने रंग उतरतो. पंधरा दिवसांत खपेल एवढीच पूड भरा, बाकी हळकुंड ठेवा.

क्यूआरचा स्टिकर रोज सकाळी स्वतःच्या फोनने १ रुपया पाठवून तपासा. कोणी वरून दुसरा चिकटवला असेल तर कळतं. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट ग्राह्य धरू नका, साउंडबॉक्सचा आवाज किंवा खात्यातली नोंद बघा.

पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आहे. पाणी तिथवर चढायच्या आत पीठ, मीठ, मेणबत्त्या, पाण्याच्या बाटल्या वाढवा, खालच्या फळीवरची पोती वर घ्या, आणि कोणत्या भागातली फेरी बंद ते स्टेटसवर टाका.

महिन्याने वही पुन्हा उघडा. पहिल्या रकान्यात जी वस्तू तीनदा आली ती सहा नग मागवा, डझनभर नको. ६० दिवस फळीवरून न हललेली वस्तू परत घ्यायला पुरवठादाराला लगेच सांगा, मुदत संपायच्या आठवड्यात कोणी घेत नाही.