कर्नलमधील स्ट्रक्चरची मांडणी कॅशच्या अंगाने कशी तपासावी

प्रोसेसर मेमरीतून एकेक बाइट आणत नाही, तर संपूर्ण कॅश लाइन, म्हणजे सलग बाइटांचा ठरावीक गट, उचलून कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) ठेवतो, आणि एक्स-८६ प्रोसेसरांवर ही लाइन ६४ बाइटांची असते. पहिल्या पातळीच्या कॅशमधील माहिती चार-पाच सायकलमध्ये (प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांत) हाती येते. मुख्य मेमरीपर्यंत जावे लागले, तर शेकडो सायकल खर्ची पडतात. म्हणून लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) वारंवार धावणाऱ्या कोडचा वेग वाढवायचा असेल, तर प्रोसेसरला दिलेल्या सूचना मोजण्याआधी तो कोड किती लाइनींना हात लावतो, हे मोजावे.

प्रथम डीबग माहितीसह कर्नल बांधून 'पाहोल' हे साधन संशयित स्ट्रक्चरवर (एकत्र ठेवलेल्या फील्डच्या, म्हणजे माहितीच्या घटकांच्या, संचावर) चालवावे. प्रत्येक फील्ड कितव्या बाइटवर आहे, कॅश लाइनची सीमा कोठे पडते आणि अलाइनमेंटमुळे (फील्ड ठरावीक पटीच्या बाइटवरच सुरू होण्याच्या नियमामुळे) कोठे जागा वाया जाते, हे त्यात दिसते. एका बाइटाच्या फील्डनंतर लगेच ८ बाइटांचा पॉइंटर (मेमरीतील पत्ता) आला, तर मध्ये ७ बाइट रिकामे राहतात. या मोकळ्या जागा भरणे सोपे असते, पण खरे नुकसान बहुधा दुसरीकडेच असते.

समजा, प्रोसेसरचे सर्व कोर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) सतत वाचतात असा एक पॉइंटर आणि सर्व कोर सतत वाढवतात असा एक काउंटर शेजारी-शेजारी आहेत. काउंटर वाढवणारा कोर ती संपूर्ण लाइन स्वतःच्या ताब्यात घेतो आणि इतरांच्या कॅशमधील तिच्या प्रती बाद होतात. त्यामुळे पॉइंटर मुळीच बदललेला नसतानाही तो वाचणाऱ्यांना लाइन पुन्हा मागवावी लागते. यालाच फॉल्स शेअरिंग म्हणतात. कोड वाचून हा दोष क्वचितच लक्षात येतो, म्हणून नेहमीचा भार चालू असताना 'पर्फ सी-टू-सी' या मोजणीच्या साधनाने नोंद घ्यावी. दुसऱ्या कोरने बदललेल्या लाइनी कोणत्या, त्यांतील कोणत्या ऑफसेटवर (लाइनीच्या सुरुवातीपासून कितव्या बाइटवर) कोणते फंक्शन वाचते आणि कोणते लिहिते, हे अहवालात कळते.

दुरुस्ती करताना फील्डचे गट विषयानुसार पाडू नयेत. कोण वाचतो आणि कोण लिहितो, यावरून पाडावेत. एकत्र वाचली जाणारी फील्ड एका लाइनीत ठेवावीत आणि सतत बदलणारी वेगळ्या लाइनीवर न्यावीत. केवळ आकडेवारीसाठी असलेला काउंटर पर-सीपीयू करणे माझ्या मते सर्वांत उत्तम, कारण प्रत्येक कोर आपलीच प्रत वाढवतो आणि बेरीज वाचतानाच करावी लागते. फील्ड नव्या लाइनीवरच सुरू करण्याची, म्हणजे अलाइनमेंटची, सक्ती मात्र जपून करावी: ज्या स्ट्रक्चरच्या लाखो प्रती असतात, ते फुगले की कॅशमध्ये कमी प्रती मावतात आणि मिळवलेला फायदा तेथेच जातो.

यूजरस्पेसला (कर्नलबाहेर चालणाऱ्या प्रोग्रामना) दिसणाऱ्या स्ट्रक्चरमधील फील्डचा क्रम कधीही बदलू नये. बदलानंतर त्याच भाराखाली पुन्हा मोजावे, आणि सुधारणा दिसली नाही, तर स्ट्रक्चरमधील फील्डचा क्रम मुद्दाम विस्कटणारा सुरक्षा-पर्याय कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये चालू नाही ना, हे पाहावे.