येसूबाईंवर कादंबरी लिहायची असेल तर

महाराणी येसूबाईंवर ऐतिहासिक कादंबरी लिहू पाहणाऱ्याने पहिले प्रकरण हाती घेण्याआधी दोन रकान्यांचा एक तक्ता करावा. पहिल्या रकान्यात घटना केव्हा घडली ते लिहावे आणि दुसऱ्यात ती येसूबाईंच्या कानावर केव्हा आणि कोणाकडून आली असेल, याचा अंदाज मांडावा. त्यांच्या आयुष्यातली तीस वर्षे, १६८९ ते १७१९, मोगलांच्या कैदेत गेली. या काळात बहुतेक घडामोडी त्यांच्या डोळ्यांआड घडल्या, त्यामुळे लढायांची वर्णने करण्यापेक्षा बातमी येण्याचे प्रसंग रंगवणे अधिक खरे ठरते.

तारखा भरताना पंचांगाचे भान ठेवावे. औरंगजेबाच्या मृत्यूची तारीख काही पुस्तकांत २० फेब्रुवारी १७०७, तर काहींत ३ मार्च १७०७ अशी आढळते. फरक जुन्या आणि नव्या इंग्रजी कालगणनेचा आहे. कथेच्या आत मात्र तिथीच वापरावी. संभाजी महाराजांचा वध फाल्गुन वद्य अमावास्येला झाला असे लिहिले की, दुसऱ्या दिवशी पाडवा होता हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

सर्वाधिक पाने रायगडावरच्या फेब्रुवारी आणि मार्च १६८९ या दोन महिन्यांना द्यावीत. फेब्रुवारीच्या आरंभी महाराज संगमेश्वरी पकडले गेले आणि त्याच महिन्यात राजारामांचे मंचकारोहण झाले, म्हणजे पती शत्रूच्या हाती जिवंत असताना आणि स्वतःचा मुलगा सात वर्षांचाही झालेला नसताना येसूबाईंनी दिराला गादीवर बसू दिले. या निर्णयामागचा विचार एका भाषणात उरकू नये. त्या आधी गडाच्या दरवाजांची आणि कोठारांची चौकशी करतात, मग मुलाला झोपवतात, आणि त्यानंतरच कारभाऱ्यांना बोलावतात, अशा संथ क्रमाने तो वाचकापर्यंत पोहोचू द्यावा. महाराजांनी त्यांना 'श्री सखी राज्ञी जयति' अशी मुद्रा दिली होती; कागदावर शिक्का उमटवण्याची सवय असलेल्या स्त्रीला पानोपानी नुसते रडत बसवणे हा त्या मुद्रेचा अवमान आहे.

त्यांचे माहेर शृंगारपूरचे शिर्के. भाऊ गणोजी मोगलांना मिळाला होता. संगमेश्वरच्या घटनेत त्याचा हात किती होता यावर मात्र वाद आहे. लेखकाने येथे न्यायाधीश होऊ नये. येसूबाईंनाही खात्री नव्हती असे धरले, तर ती शंकाच कादंबरीभर त्यांच्या सोबत चालते आणि उघड कबुलीपेक्षा जास्त काम करते. या प्रकरणी बखरींचा आधार घेताना ती कधी लिहिली गेली हे आधी पाहावे; मल्हार रामराव चिटणिसांची बखर घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली आहे.

संवादांत फारसी शब्दांना घाबरू नये. अर्ज, जासूद, फौज, कनात हे तेव्हाच्या मराठीत मुरलेले शब्द आहेत आणि ते काढून टाकलेली संस्कृतप्रचुर भाषा नाटकी वाटते. राजारामांनी 'वहिनीसाहेब' म्हणावे, शाहूंनी 'आईसाहेब'. 'महाराणीजी' ही दूरचित्रवाणीवरची हाक रायगडाला शोभत नाही. जेवणाच्या पंगतीत बटाटा आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी वाढणारे लेखक मी वाचले आहेत. त्यांच्या पुढच्या पानांवर माझा विश्वास बसला नाही.

नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडल्यानंतरची छावणीतली वर्षे भराभर सरकवावीत, कारण तिथे दिवस सारखेच असतात. मोगल छावणी गावोगाव हलते, बादशहाची मुलगी झीनतुन्निसा शाहूंवर माया करते, मुलगा शत्रूच्या डेऱ्यांत मोठा होतो, आणि तो नेमका कोणाचा होत चालला आहे हा आईचा धसका एवढेच पुरते.

मग १७०७ येते. औरंगजेब वारल्यावर शाहूंची सुटका होते, येसूबाई मात्र ओलीस म्हणून मागे राहतात आणि दिल्लीला नेल्या जातात. त्याच वर्षी खेड येथे शाहूंची आणि ताराबाईंची सैन्ये समोरासमोर आली. ज्या दिराला त्यांनी गादी दिली, त्याच्याच विधवेची फौज मुलाविरुद्ध उभी राहिली, हे त्यांना दिल्लीत कळले तो प्रसंग कादंबरीचा कणा आहे. रणभूमीकडे कॅमेरा वळवण्याचा मोह आवरून लेखकाने त्यांच्याच खोलीत थांबावे. बातमी आणणाऱ्याला ताराबाईंचे नाव घेणे जड जावे.

बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतले तेव्हा येसूबाईंचीही सुटका झाली, आणि जुलै १७१९ मध्ये त्या साताऱ्यात पोहोचल्या. चौथाई-सरदेशमुखीचा तपशील येथे दोन वाक्यांत आटोपावा. समोर सदतीस वर्षांचा छत्रपती उभा आहे, ज्याला आईने बारा वर्षे पाहिलेले नाही. पहिले वाक्य कोण बोलणार हे या भेटीचे प्रकरण लिहिण्याआधीच ठरवावे. माझ्या मते ते येसूबाईंनी बोलू नये.