टॉन्सिल काढल्यावर घसा भरेपर्यंतचे चौदा दिवस

टॉन्सिल काढले की घशात दोन्ही बाजूंना खड्डे उरतात. बहुतेक वेळा ते टाके घालून बंद करत नाहीत. उघडेच ठेवतात आणि ते कडेने, तळातून भरत येतात. हातापायाला खरचटलं की कोरडी खपली धरते. घशात सतत लाळ असल्यामुळे ती ओली, पांढरी-पिवळट असते. बॅटरी मारून बघणाऱ्या घरच्यांना तो पू वाटतो. तो पू नव्हे, खपलीच आहे. ती खरवडू नका, खळखळून गुळण्याही नकोत. आठ-दहा दिवस तोंडाला वास येतो तोही तिचाच. तेवढ्यासाठी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू नका.

दुखणं रोज थोडं-थोडं उतरेल असं धरून चालू नका. पहिले दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या ते सातव्या दिवसात ते पुन्हा चढतं. कानही ठणकतो, कारण घसा आणि कान यांची एक नस सामाईक आहे. कानात तेल ओतून काही मिळत नाही.

औषध दुखायला लागल्यावर नव्हे, घड्याळ लावून द्यायचं. पहिले चार-पाच दिवस रात्री उठवूनसुद्धा. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, दर ६ तासांनी. म्हणजे २० किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम. गोंधळ होतो तो बाटलीवर: ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ६ मिली, पण ५ मिलीत १२० चं असेल तर साडेबारा मिली. 'एक चमचा' हे माप इथे चालत नाही. काही सिरपांत पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन एकत्र असतात. त्यावर वेगळं पॅरासिटामॉल दिलं तर डोस दुप्पट होतो. आयब्युप्रोफेन सर्जनला विचारूनच द्या. ॲस्पिरिन अजिबात नको, आणि लहान मुलांना कोडीनचं खोकल्याचं औषधही नको.

मुलांची ऑपरेशनं बहुधा मे महिन्याच्या सुट्टीत उरकतात, नेमका तेव्हाच सोलापुरात पारा ४० च्या वर असतो. घसा कोरडा पडला की खपली ताणते, गिळताना जास्त दुखतं, मग मूल पाणीच टाळतं. २० किलोच्या मुलाच्या पोटात दिवसभरात दीड लिटर तरी गेलं पाहिजे, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट, औषधानंतर अर्ध्या तासाने जरा जास्त. आठ तासांत लघवी झाली नाही तर डॉक्टरांना फोन करा. आजीचा 'थंड देऊ नका' हा सल्ला इथे बाजूला ठेवावा. थंड दूध, आइस्क्रीम चालतं. निवलेली ज्वारीची पेज, मऊ भात, शिराही चालेल. चावल्याने जबड्याचे स्नायू मोकळे राहतात, म्हणून नुसत्या पेयांवर ठेवू नका. भेटायला येणारे हटकून डाळिंब आणतात. ते आंबट, झोंबणारं. शिवाय उलटी लाल झाली तर रक्त की रस, हे कळत नाही.

पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटते. मूल तेव्हा खेळायला लागलेलं असतं आणि घरचे निर्धास्त होतात. रक्तस्रावाचा धोका नेमका याच दिवसांत. थुंकीत एखादी पुसट रेघ दिसली तर सर्जनला फोन करून सांगा. ताजं लाल रक्त, काळपट उलटी किंवा झोपेत सतत काहीतरी गिळत राहणं, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच निघा. मुलाला पुढे वाकवून बसवा, रक्त थुंकू द्या, गिळू देऊ नका, आणि खायला-प्यायला काही देऊ नका. पुन्हा भूल द्यावी लागू शकते. रक्त आपोआप थांबलं तरी दाखवायचंच. म्हणूनच करमाळा, सांगोल्याकडच्यांनी दहा दिवस सोलापुरात कुणाकडे तरी मुक्काम करावा. रात्री दोन-तीन तासांचा रस्ता परवडत नाही.

पहिले एक-दोन दिवस १००-१०१ पर्यंत ताप चालतो, त्यावर गेला तर दाखवा. आवाज नाकातून येणं, पाणी नाकात चढणं काही दिवसांत जातं.

शाळा दहा-चौदा दिवसांनी, पोहणं तीन आठवड्यांनी. मोठ्या माणसांना दुखणं जास्त आणि वेळही जास्त लागतो. तंबाखू-विडी या काळात पूर्ण बंद. कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिसऱ्या आठवड्यात, तीही आधी दुधात कुस्करलेली मऊ भाकरी नीट उतरतेय का ते पाहून.